नाववाल्या बाईंचा मदरबोर्ड

गावातल्या निम्म्या नोकरदारांच्या छातीवर बाईंचं अक्षर होतं. दवाखान्यातले पांढरे कोट, शाळेच्या गणवेशाचे खिसे, आग विझवणाऱ्या जवानांचे सदरे, खानावळीतल्या आचाऱ्यांचे एप्रन. कपडा कुणीही शिवलेला असो, त्यावर नाव आणि हुद्दा भरायला तो नाववाल्या बाईंकडेच यायचा. इतकी वर्षं इतरांची नावं लिहून त्यांचं स्वतःचं नाव मात्र 'नाववाल्या बाई' एवढंच उरलं होतं, आणि ते कुठल्याच कापडावर नव्हतं.

घराच्या पुढच्या खोलीत बारा सुयांचं भरतकामाचं मशीन होतं. नवरा हयात असताना दोघांनी ते जुनंच घेतलं होतं, त्याला बावीस वर्षं झाली. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची, आणि एका जाड केबलमधून ती मशीनला सांगायची. केबलच्या टोकाला नऊ पिनांचा, दोन ओळींचा एक प्लग. मशीनला ऐकू येणारा कान तेवढा एकच. फ्लॉपी घालायची फट होती, ती गंजून केव्हाच मिटली होती. मशीन बनवणारी कंपनीही मिटली होती. मशीन मात्र चालू होतं. काही माणसं असतात तशी.

बाईंबरोबर त्यांची नणंद राहायची. नणंद-भावजय एका छपराखाली सुखाने राहतात यावर गल्लीचा आधी विश्वास नव्हता; पण भांडण ऐकू येईना, तेव्हा लोकांनी नाइलाजाने ठेवला. वन्संनी एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावर त्या भावजयीकडे आल्या, आणि सुई खाली उतरण्याआधी पडद्यावरचं प्रत्येक नाव त्यांच्या चष्म्याखालून जाऊ लागलं. "कागदावरची चूक वाचक विसरतो," त्या म्हणायच्या, "छातीवरची चूक धोब्याकडेसुद्धा जाते."

बाईंना एक खोड होती. काहीही झालं की त्या म्हणायच्या, "बरं झालं." दूध उतू गेलं, तर बरं झालं, शेगडी पुसायचीच होती. दिवे गेले, तर बरं झालं, डोळ्यांना विसावा. वन्संनी याला 'बरं झालंचं दुकान' असं नाव दिलं होतं आणि त्या दुकानातून कधी काही घेतलं नव्हतं.

एका सकाळी शाळेचा एकतिसावा खिसा भरून होताच कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला आणि खोलीत करपल्यासारखा वास सुटला.

"बरं झालं," बाई म्हणाल्या, "खिसा पुरा झाल्यावर गेला."

पण या वेळी त्यांचा आवाज जरा खाली होता.

रविवारी जावई आला. जावयाला सगळ्यातलं कळतं, हा जावईपणाचाच भाग आहे. या जावयाचं वेगळेपण असं की त्याला त्यातलं बरंचसं खरोखर कळायचं. त्याने जमिनीवर मांडी घातली, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला.

"आई, हे बघा. या बारक्या टोप्या फुगल्यात. मदरबोर्ड गेला."

"गेला की गेली?" वन्संनी विचारलं.

"काय आत्या?"

"मदर म्हणता आणि पुल्लिंगी चालवता. छापखान्यात असं चाललं नसतं."

"गेला, गेली, गेलं, काहीही म्हणा," जावई म्हणाला. "आता प्रोसेसर नवा, मेमरी नवी. जुन्या वस्तू नव्या बोर्डवर बसत नाहीत."

"बघा," वन्सं म्हणाल्या, "मदर गेली की पोरांना कुणी थारा देत नाही."

जावई हसला, पण झाकण बंद करताना त्याने खरा विषय काढला. लेकीने आणि त्याने तो वाटेत ठरवूनच आणला असावा. नवीन कॉम्प्युटरला मागे नऊ पिनांची जागाच नसते. मशीनचं आयुष्य संपत आलंय. एक व्यापारी दोन वर्षं त्या मशीनच्या मागे आहे. त्याला सुया आणि सांगाडा हवाय. "देऊन टाका, आई. आणि दोघी आमच्याकडे या राहायला. आत्यासुद्धा."

मायेने केलेली गोष्ट नाकारणं फार अवघड. रागाने केली असती, तर बाईंनी पाच मिनिटांत निकाल लावला असता.

"हाताला काम नसलं की माणूस सल्ले देत बसतं," त्या म्हणाल्या. "मला लेकीचा संसार चांगला चाललेला आवडतो."

शेवटी तडजोड ठरली. दवाखान्याच्या नव्या विभागाचे चौसष्ट कोट महिनाअखेरीला द्यायचे होते. तोवर मशीन नव्या कॉम्प्युटरचं ऐकू लागलं तर ठीक. नाहीतर कोट दुसरीकडे जातील आणि मशीन व्यापाऱ्याकडे. बाईंनी मान हलवली. त्या 'बरं झालं' म्हणाल्या नाहीत, हे वन्संच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यावरच त्यांचं पोट चाललं होतं.

पहिला उपाय जावयानेच सुचवला. त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला एक छोटं जोडयंत्र लावायचं. एका बाजूला आजकालचं चपटं तोंड, दुसऱ्या बाजूला नऊ पिना. लावलं. पहिला कोट चढवला. हुद्दा होता 'मुख्य परिचारिका'. बाई नेहमी शब्दातली अक्षरं आधी भरून घेत आणि मग वरून एका दमात शिरोरेषा मारत. मशीनने 'मुख्य' झकास भरलं, शिरोरेषेसकट. पुढे 'परि' भरलं आणि ते थांबलं. दोनदा खोकलं. मग त्याच एका जागी टाके घालत बसलं, ते वीज बंद करेपर्यंत.

कोटावर निळ्या दोऱ्यात लिहिलं होतं, 'मुख्य परि'. दुसरा शब्द उघड्या डोक्याने उभा होता.

वन्संनी चष्मा सावरून ते वाचलं.

"परी दीर्घ असते," वन्सं म्हणाल्या.

जावयाने दोन तास खटपट केली. जोडयंत्र बोलत होतं, पण मशीनच्या चालीने बोलत नव्हतं. मशीन 'थांब' म्हणायचं आणि ते मात्र सांगतच सुटायचं. अशी माणसं सगळ्यांच्याच ओळखीत असतात. बाईंनी बारीक कात्रीने 'परि' उसवली आणि कोट घडी करून बाजूला ठेवला.

जावयाने मग नव्या कॉम्प्युटरच्या भागांची यादी पाठवली. त्याने ती मनापासून केली होती, हे यादीच्या लांबीवरूनच कळत होतं. सगळ्यात वर मदरबोर्ड होता. काळाभोर, भरदार, अंगावर दिवे असलेला.

"दिवे कशाला?" बाईंनी फोनवर विचारलं.

"छान दिसतात, आई. एक कोटी सदुसष्ट लाख रंग दाखवतो."

बाईंकडे दोऱ्याची बेचाळीस रिळं होती, त्यांतली तीन पांढरी. त्यांना त्या बोर्डबद्दल आदर वाटला. "आणि नऊ पिना?"

"ते बघावं लागेल," जावई म्हणाला. जावई 'ते बघावं लागेल' म्हणतो, तेव्हा ते बघून झालेलं असतं.

यादी घेऊन दोघी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराला बाजारात नकोशेठ म्हणत. गिऱ्हाईक काहीही मागो, तो पहिल्यांदा म्हणायचा, "हे नको." दुकान तरीही चालत होतं, कारण बाकीचे दुकानदार कशालाच नको म्हणत नसत, आणि लोकांना त्याचा अनुभव होता.

त्याने यादी वाचली. "हे नको."

"जावयाने दिलीय," बाई म्हणाल्या.

"जावई खेळतो का कॉम्प्युटरवर?"

"अधूनमधून."

"मग ही त्याची यादी आहे." त्याने कागद परत दिला. "तुम्हाला काय काम करायचंय?"

आठ दिवस सगळे त्यांना वेग, मेमरी, पंखे, रंग यांबद्दल सांगत होते. काय काम करायचंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. बारा सुया, केबल, चौसष्ट कोट. 'मुख्य परि'सुद्धा. नकोशेठ हसला नाही. त्याने फक्त एकदा खाली बघितलं.

"लोक आधी प्रोसेसर निवडतात, मग त्याच्याजोगा बोर्ड," तो म्हणाला. "तुमचं उलटं आहे. आधी दार, मग घर. पण या दाराचं घर मी तीन-चार वर्षांत विकलेलं नाही."

त्याने फळीवरचे खोके उतरवले. एकेक उघडून मागची बाजू दाखवली. चपटी तोंडं होती, गोल होती, आवाजाची होती. नऊ पिनांचं एकाचंही नव्हतं. बाईंनी प्रत्येकाला हात लावून बघितला, कापड बघावं तसा.

वन्सं मात्र बोर्ड बघतच नव्हत्या. त्या स्टुलावर बसून खोक्यांतल्या पुस्तिका वाचत होत्या, पहिल्या पानापासून, ज्या पानावर वीज आणि लहान मुलं यांच्याबद्दल इशारे असतात.

"आजी, ते कुणी वाचत नाही," नकोशेठ म्हणाला.

"ते दिसतंय. कुणी वाचलं असतं तर चौथ्या पानावर एकच वाक्य दोनदा आलं नसतं."

चार पुस्तिका झाल्या. पाचवी तळाच्या खोक्यातली होती. बोर्ड लहान, मातकट हिरवा, दिव्यांचा मागमूस नाही. पोस्टातल्या कारकुनासारखा दिसणारा. एकोणिसाव्या पानावर वन्संचं बोट थांबलं.

"हे काय आहे? 'कॉम', आणि पुढे नकाशात बारकीशी चौकट."

नकोशेठने पुस्तिका घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बोर्ड उचलून दिव्याखाली धरला. कडेला, पंख्याच्या जागेखाली, सोनेरी पिनांच्या दोन ओळी उभ्या होत्या. एकीत पाच, दुसरीत चार. दहावी जागा रिकामी, पडलेल्या दातासारखी.

"च्यायला," नकोशेठ म्हणाला, आणि लगेच, "माफ करा आजी. वर्षभर विकतोय मी हा बोर्ड."

मागच्या बाजूला दार नव्हतं, पण भिंतीत चौकट सोडलेली होती. त्या पिनांवर एक छोटी केबल बसवायची, तिचं दुसरं टोक डब्याच्या मागच्या पट्टीला लावायचं, की झालं दार तयार. तशी केबल नकोशेठकडे नव्हती. त्याने दुकान वाऱ्यावर सोडलं, चार दुकानं पालथी घातली आणि धुळीने माखलेली एक केबल घेऊन आला.

"बोर्ड हाच घ्या," तो म्हणाला. 'हे घ्या' असं त्याच्या तोंडून निघाल्याचं ऐकून शेजारच्या दुकानदाराने मान बाहेर काढून बघितलं.

शनिवारी जावयाने कॉम्प्युटर जोडला. बोर्ड बघून त्याचा चेहरा पडला, पण त्याने जोडणीत कसर ठेवली नाही. दर वेळी हात लावण्याआधी तो खिडकीच्या लोखंडी गजाला बोट टेकवायचा, अंगातली वीज उतरवायला. वन्सं म्हणाल्या, "नमस्कार करतोय बहुतेक." प्रोसेसर बसवताना त्याने श्वास रोखला, तेव्हा बाईंनीही रोखला. दुपारपर्यंत पडदा उजळला. अक्षरं आली, जुन्या डिस्कवरची सगळी नावं आली. जावयाने केबल मशीनला लावली, बाईंनी परिचारिकांचा कोट चढवला आणि बटण दाबलं.

मशीन ढिम्म.

परत दाबलं. केबल काढून लावली. दोन्हीकडे गती एकच आहे ना, ते जावयाने तीनदा तपासलं. बोर्ड म्हणत होता, मी पाठवतोय. मशीनच्या छोट्या काचेवर शब्द होता, 'प्रतीक्षा'.

चार वाजले. जावई भिंतीला टेकून बसला. 'मी म्हणालो होतो' असं तो म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा. व्यापाऱ्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता आणि महिना संपायला सहा दिवस होते. बाईंनी मशीनवर झाकायचं कापड हातात घेतलं, पण घातलं नाही. नुसत्याच त्याची घडी करत, मोडत राहिल्या.

वन्संनी पुस्तिका परत उघडली. "एकोणिसाव्या पानावर कोष्टक आहे," त्या म्हणाल्या. "कुठल्या पिनेवर काय, ते. वहिनी, तुम्ही केबल बघा, मी वाचते."

छापखान्यात असंच चालायचं. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने मुद्रित बघायचं. बाई नकोशेठने दिलेली छोटी केबल मांडीवर घेऊन बसल्या. जावयाने विजेची तार तपासायचं यंत्र काढलं. ते एका टोकाला टेकवलं, की दुसऱ्या टोकाची कुठली पिन, ते 'टूं' करून सांगायचं.

"एक," वन्सं म्हणाल्या.

टूं. "एक," जावई म्हणाला.

"दोन."

टूं. "सहा."

"दोन म्हणतेय मी."

"आत्या, मी सहाच बघतोय."

"तीन?"

"दोन."

"चार?"

"सात."

"ही केबल आहे की शब्दकोडं?" वन्सं वैतागल्या.

पण बाईंचे हात थांबले होते. त्यांनी प्लगच्या तोंडावरचे आकडे बघितले, मग पुस्तिकेतला नकाशा बघितला, मग परत प्लग.

"वन्सं," त्या सावकाश म्हणाल्या, "बोर्डवाले नागमोडी मोजतायत. एक खाली, दोन वर, तीन खाली, चार वर. आणि केबलवाल्याने धावदोरा घातलाय. खालची ओळ सरळ एक ते पाच, मग वरची सहा ते नऊ."

जावयाने फोनवर शोधलं आणि पाचच मिनिटांत त्याला सापडलं की होय, या केबलींची दोन घराणी आहेत, दिसायला जुळी, आतून वेगळी, आणि खोक्यावर ते कुणी लिहीत नाही. पहिली पिन तेवढी दोन्हींत एक. बाकी आठ परक्या घरी.

"दुसरी केबल मागवू," तो म्हणाला. "आठ-दहा दिवस लागतील."

"कशाला?" बाई म्हणाल्या. केबलच्या काळ्या तोंडात प्रत्येक तारेला प्लास्टिकची इवलीशी जीभ होती. जीभ उचलली की तार सुटते, हे त्यांनी तोवर बघून ठेवलं होतं. त्यांनी सात नंबरची सुई घेतली. बारा सुयांत दिवसातून पन्नासदा दोरे ओवणाऱ्या बाईला आठ तारा म्हणजे काय! वन्सं आकडा वाचत, जावई टॉर्च धरी, बाई तार सोडवून दुसऱ्या घरात सरकवीत. कुणी विनोद केला नाही. पाऊण तास लागला.

मग बटण दाबलं.

मशीनच्या काचेवर 'प्रतीक्षा' गेलं. बारा सुयांचं डोकं डावीकडे सरकलं, निळ्या दोऱ्याशी थांबलं आणि ती ओळखीची खडखड सुरू झाली. 'मुख्य'. शिरोरेषा. 'परि'. तिघेही जागचे हलले नाहीत. 'चा'. 'रि'. 'का'. आणि वरून एका दमात रेघ.

"ह्रस्व-दीर्घ बरोबर," वन्संनी चष्मा काढून पुसत सांगितलं. बराच वेळ पुसला.

बाईंनी आधी जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला, लेकराच्या फिरवावा तसा. मग नकोशेठला फोन लावला. तो सगळं ऐकून म्हणाला, "असं असतं होय?" आणि नागमोडी की धावदोरा, ते परत सांगायला लावून त्याने लिहून घेतलं. व्यापाऱ्याला जावयाने स्वतः होऊन कळवलं की मशीनला काम आहे. चौसष्ट कोट मुदतीच्या एक दिवस आधी गेले.

पण बाईंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. ज्याला-ज्याला धन्यवाद म्हणायचे, त्याला म्हणून झाले होते. एकच माणूस राहिला होता. "कुठेतरी एक बैठक झाली असेल," त्या वन्संना म्हणाल्या. "कुणीतरी म्हटलं असेल, आता कशाला या नऊ पिना, काढा. आणि कुणीतरी म्हटलं असेल, राहू द्या, लागतील कुणाला तरी. तो आपल्याला ओळखत नाही, वन्सं. तरी त्याने आपल्यासाठी जागा धरून ठेवली."

म्हणून दोघींनी बोर्डच्या कंपनीला पत्र लिहिलं. मजकूर बाईंचा, शुद्धलेखन वन्संचं. जावयाने ते कंपनीच्या भाषेत उतरवून पाठवलं. आभार मानले, मशीनबद्दल लिहिलं, कोटांबद्दल लिहिलं. शेवटी वन्संनी पुस्तिकेतल्या अकरा चुकांची यादी पानवार जोडली, कारण आभार मानताना हात रिकामा असू नये, असं त्यांचं मत होतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. जावयाने फोनवर वाचून दाखवलं: पान एकोणीसवरील नऊ पिनांबाबत आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुढील आवृत्तीत तक्रारीचं कारण दूर केलं जाईल.

बाईंनी चालू मशीन थांबवलं.

"काढतील हो ते!" त्या म्हणाल्या. "आपल्यामुळे काढतील! कुठे कुणाचं काय अडकलं असेल त्या पिनांवर!"

त्या दिवशी नावं भरायचं काम तासभर बंद राहिलं. दुसरं पत्र बाईंनी उभ्या-उभ्याच सांगितलं. आमची काही तक्रार नाही. कधी नव्हती. पिना आहेत तिथे उत्तम आहेत. कृपा करून त्यांना हात लावू नका, आणि ज्यांनी त्या ठेवल्या, त्यांना रागावू नका.

वन्संनी मजकूर दोनदा वाचला, कुठेही खूण केली नाही, आणि या वेळी चुकांची यादी जोडली नाही.